कुत्र्याचं पोतं उन्हात टाका

पाऊस लागून तीनेक आठवडे झाले, कपाशी वीतभर आली, की माझ्या ओट्यावर हा प्रश्न हमखास येतो. "डॉक्टर, कुत्र्याला लई पिसा झाल्यात. कायतरी झाडपाल्याचं सांगा."

मी डॉक्टर नाही. जालना जिल्ह्यातल्या अंबड-घनसावंगीच्या भागात पशुधन पर्यवेक्षक म्हणून नोकरी केली आणि निवृत्त झालो. पण खेड्यात ज्याच्या हातात सुई तो डॉक्टर. नोकरीच्या काळात कुत्र्यासाठी दवाखान्याची पायरी कुणी चढत नसे. गाईचं रेतन, लाळ-खुरकुताच्या लसी, घटसर्प, शेळ्यांचा पीपीआर, यातच दिवस मावळायचा. आता शेतातल्या आखाड्यावर मुक्कामी राहायला सालगडी मिळत नाही. रात्री शिवारात रोही आणि रानडुकरं मोकाट. मोसंबीची बाग राखायची तर कुत्रं पाहिजेच. म्हणून कुत्र्याला भाव आला, आणि त्याच्या अंगावरच्या पिसवांकडेही लोकांचं लक्ष गेलं.

झाडपाला मागणाऱ्याला मी हसत नाही. त्याच्या मागणीत दोन रास्त गोष्टी असतात, दुकानातल्या औषधाची किंमत आणि विषाची भीती. त्याच कुत्र्याच्या गळ्यात पडून खेळणारं नातवंड घरात असतं. फक्त माझं उत्तर त्याला रुचत नाही. मी म्हणतो, "पाल्याचं मग बघू. आधी त्याचं पोतं दाखव."

पिसू अंगावर दिसते म्हणून माणूस इलाजही अंगावरच शोधतो. पण कुत्र्याच्या अंगावर असते ती फक्त वयात आलेली पिसू. ती रक्त पिते आणि तिथंच अंडी घालते, भरात असली तर दिवसाला ४०-५०. अंडं गुळगुळीत असतं, केसाला धरून राहत नाही. कुत्र्यानं अंग झाडलं की अंडी खाली. आणि कुत्रं सगळ्यात जास्त वेळ जिथं पडून असतं, तिथंच ती सगळ्यात जास्त पडतात. अंड्यातून निघालेल्या अळीला डोळे नसतात, पण उजेड तिला सोसत नाही. ती पोत्याच्या विणीत, फरशीच्या सांध्यात, सारवलेल्या जमिनीच्या भेगेत शिरते. तिथं ती खाते काय? तर मोठ्या पिसवांची वाळलेली विष्ठा, म्हणजे कुत्र्याचंच अर्धवट पचलेलं रक्त. म्हणजे कुत्र्याच्या अंगावरची पिसू वरून अंडीही टाकते आणि पोरांचा शिधाही टाकते. पुस्तकात हिशोब सांगतात की एकूण पिसवांच्या पसाऱ्यात अंगावर असतात त्या जेमतेम ५ टक्के. बाकीचं सगळं, अंडी, अळ्या, कोष, जमिनीत आणि अंथरुणात.

कोषाची गोष्ट तर नीट समजून घेण्यासारखी आहे. अळी स्वतःभोवती चिकट धाग्यांचं घर विणते, त्याला धूळमाती चिकटते आणि ते डोळ्यांना दिसेनासं होतं. आत पिसू तयार झाली तरी बाहेर यायची घाई करत नाही. ऊब, पावलांचा हादरा, श्वासातला कार्बन डायऑक्साइड यांतलं काही जाणवलं की मगच ती बाहेर उडी घेते. तोवर महिनोन्महिने थांबायची तिची तयारी असते. आमच्याकडून ऊसतोडीला गेलेली कुटुंबं उन्हाळ्याच्या तोंडावर परततात, कुलूप काढतात, आणि आत पाऊल टाकल्याबरोबर पोटऱ्यांना पिसा लागतात. बायका म्हणतात, घर बंद राहिलं म्हणून पिसा पडल्या. त्या पडलेल्या नसतात, आधीपासून तिथंच असतात. माणूस आल्याची वर्दी त्यांना मिळते एवढंच.

पोतं उचललं की खाली काय दिसतं ते एकदा स्वतः पाहावं. शेजाऱ्याच्या आखाड्यावर तागाचं बारदान होतं, त्याच्या मोत्या कुत्र्याचं. मी त्याचा एक कोपरा उलटला. खाली मातीत बारीक काळे कण आणि त्यांच्यात पांढरे कण. शेजारी म्हणाला, "धूळ हाये ती." मी जुन्या धोतराचा तुकडा पाण्यात बुडवून पिळला, काळ्या कणांवर दाबून धरला आणि थोडा वेळ बोलत बसलो. तुकडा उचलला तर प्रत्येक कणाभोवती तांबूस तपकिरी कडं पसरलेलं. धुळीला असा रंग सुटत नाही. ते रक्त होतं. हीच परीक्षा कुत्र्याच्या अंगावरही करता येते. शेपटीच्या बुडापाशी केस उलटे करून बारीक फणी फिरवायची आणि निघालेली काळी भुकटी ओल्या पांढऱ्या कापडावर झटकायची. पिसू एकही दिसली नाही आणि कडं उमटलं, तरी ती आहे असं समजावं.

आता आपल्या हवेचा विचार करा. पिसूच्या अळीला ओल लागते. हवेतली आर्द्रता ५० टक्क्यांच्या खाली गेली की ती वाळून मरते. जालन्याचा एप्रिल-मे म्हणजे पारा चाळिशीच्या पुढे आणि हवा खडखडीत कोरडी. या जिल्ह्याला निसर्गानं पिसवांवरचं एवढं मोठं औषध फुकट दिलंय, पण ते लागू पडायला अळी उन्हात आली पाहिजे. ती सावलीत, पोत्याखाली, रांजणाच्या ओलीत बसलेली असते. मृग बरसला की हवाच तिच्या बाजूची होते, आणि अंड्यापासून उडणाऱ्या पिसूपर्यंतचा फेरा दोन-तीन आठवड्यांत पुरा होतो. पाऊस लागून तीनेक आठवड्यांनीच लोक माझ्याकडे का येतात, ते यातून कळेल.

म्हणून खरा नैसर्गिक इलाज उन्हाळ्यातच करायचा असतो, पिसा दिसत नसताना. पोतं भर दुपारी पत्र्यावर टाकायचं, उलटंपालटं करायचं. कुत्र्याची निजायची जागा खरवडून वरची माती काढायची, भेगा चिखलानं बुजवायच्या आणि मग सारवायचं. सांध्यांत गोवरीची कोरडी राख भरली तर ती ओल ओढून घेते. कोंबडी राखेत लोळते ती काही हौसेनं नाही. मात्र राख कुत्र्याच्या ओल्या अंगाला चोळू नये, कातडी चुरचुरते. झाडून काढलेला केर उकिरड्यावर टाकला तर फेरा तिथं सुरू होतो. तो चुलीत जावा. पावसाळ्यात तागाचं बारदान वापरूच नये. जुन्या सुती लुगड्याचे दोन तुकडे करावेत, एक अंथरायला आणि एक आठवड्याला हंड्यात उकळायला. उकळलेल्या कपड्यात अंडं, अळी, कोष काही तगत नाही.

आणि फणी. उवांची बारीक दाताची फणी रोज संध्याकाळी कुत्र्याच्या मानेवरून, पोटाखालून आणि शेपटीच्या बुडाशी फिरवायची, शेजारी साबणाच्या पाण्याचं भगुणं ठेवायचं. साध्या पाण्यात पिसू बुडत नाही, वरच्या वर उडी मारून पळते. साबणानं पाण्याचा ताण मोडतो आणि ती तळाला जाते. खोलीत पिसा किती आहेत हे पाहायचं असेल तर रात्री परातीत हेच पाणी घालून वर दिवा टांगावा. उजेडाकडे आणि उबेकडे उड्या मारणाऱ्या पिसा सकाळी परातीत सापडतात. एवढ्यानं घर साफ होत नाही, पण अंदाज येतो.

हे केलं की पहिले दोन-तीन आठवडे लोक निराश होतात. "एवढं करून पिसा निघतातच की!" निघणारच. जुने कोष फुटत असतात. त्या काळात रोज झाडावं, जमीन बडवून झाडावी म्हणजे उरलेले कोषही फुटतात. इथंच बहुतेक जण सोडून देतात आणि विषाच्या बाटलीकडे वळतात.

बाटलीवरून आठवलं. कपाशीवर मारायचं औषध बादलीत ढवळून कुत्र्याला आंघोळ घालणारे लोक आमच्या भागात आहेत. लाळ गळत, थरथरत तडफडलेलं कुत्रं मी पाहिलंय. काही कीटकनाशकं शेतातही वापरतात आणि कुत्र्याच्या औषधातही असतात, हे खरं. पण त्यांची तीव्रता आणि ती कशात मिसळलेली आहेत, यात फार फरक असतो. रॉकेल, फिनेल, डांबरगोळ्यांची पूड हेही तसलेच उद्योग. तंबाखूचं पाणी तर "नैसर्गिक" म्हणून खपतं. निकोटीन कातडीतूनही आत जातं आणि कुत्रं स्वतःचं अंग चाटतं. झाडातून आलं म्हणून विष सौम्य होत नाही.

आता पाल्याकडे. पहिला मान अर्थातच लिंबाचा. १९५९ साली सुदानमध्ये टोळधाडीनं सगळं शिवार फस्त केलं आणि कडुनिंबाची झाडं तेवढी हिरवी उरली, हे हाइनरिश श्मुटरर या जर्मन कीटकशास्त्रज्ञानं पाहिलं आणि मग लिंबाच्या अभ्यासाला जोर आला. लिंबातलं मुख्य द्रव्य अझाडिरॅक्टिन. ते कीटकाला जागेवर लोळवत नाही. त्याची भूक मारतं आणि कात टाकण्याची क्रिया बिघडवतं, म्हणजे वाढत्या अळीवर त्याचा जोर जास्त. पण अळी कुत्र्याच्या अंगावर नसतेच! म्हणून लिंबाचा पाला कुत्र्याला चोळण्यापेक्षा निंबोळी अर्क जागेवर फवारणं शहाणपणाचं. कृती आमच्या प्रत्येक कापूसवाल्याला पाठ आहे. ५ किलो निंबोळीची भरड रात्रभर पाण्यात भिजवायची, सकाळी फडक्यातून गाळायची, २०० ग्रॅम साबणाचं पाणी घालायचं आणि एकूण १०० लिटर करायचं. कुत्र्याच्या जागेला एक-दोन लिटर पुरे, त्या मापानं ५० ते १०० ग्रॅम निंबोळी घ्या. उन्हानं हे द्रव्य थोड्या दिवसांत निकामी होतं, तेव्हा फवारणी परत करावी लागते. पाला उकळून गार केलेल्या पाण्यानं आंघोळ घालायला हरकत नाही. लिंबाचं तेल मात्र निव्वळ तसंच चोपडू नये. कुत्रं चाटतं आणि ओकतं. लहान पिल्लं आणि मांजरं यांच्यापासून तर ते लांबच बरं.

दुसरं सीताफळाचं बी. बांधावर सीताफळ, घरात ढीगभर बिया, आणि उवांवर त्यांची पूड लावायची जुनी रीत. त्या बियांत किडे मारण्याची ताकद नक्की आहे. त्यांतली द्रव्यं पेशीचा श्वासच कोंडतात. पण तीच पूड डोळ्यात गेली की बुबुळ भाजतं. केसांना पूड लावून नहाताना डोळे सुजवून घेतलेल्या बायका डोळ्यांच्या दवाखान्यात येतात, हे वैद्यकीय नियतकालिकांतही नोंदलेलं आहे. आपण डोळे मिटून घेतो तरी हे होतं; कुत्र्याला मिटायला कोण सांगणार? सीताफळाचं बी कुत्र्याच्या अंगावर नको, असं माझं स्पष्ट मत आहे.

लसणाचंही तेच. "भाकरीत रोज लसूण कुस्करून द्या, रक्ताला वास येतो, पिसा पळतात" हा सल्ला फार फिरतो. कांदा-लसणातली गंधकाची द्रव्यं कुत्र्याच्या तांबड्या रक्तपेशी फोडतात. आधीच पिसवांनी आणि जंतांनी रक्त ओढलेल्या कुत्र्याला वरून लसूण द्यायचा, हा इलाज झाला की शिक्षा?

पिसूला हसण्यावारी नेऊ नये, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. किल्लारीच्या भूकंपाला वर्ष होत आलं होतं. १९९४च्या ऑगस्टमध्ये शेजारच्या बीड जिल्ह्यात मामला गावात उंदीर मरायला लागले, पिसवांचा सुळसुळाट झाला आणि गाठीच्या प्लेगचं नाव निघालं. पुढं सप्टेंबरात सुरतेत काय हलकल्लोळ माजला ते सगळ्या देशानं पाहिलं. ती उंदरावरची पिसू, कुत्र्यावरची वेगळी. कुत्र्याच्या पिसूमुळं प्लेगची धास्ती घ्यायचं कारण नाही. ती आणते ते दुखणं हळू आहे, आणि ते दुखणं म्हणजे जंत.

होय, पिसू आणि जंत हे दोन वेगळे विषय नाहीत. कुत्र्याच्या शेपटीखाली, विष्ठेवर किंवा त्याच्या अंथरुणात तांदळाच्या दाण्यासारखे पांढरे तुकडे दिसतात, ताजे असले तर हलतातही. ते चपट्या जंताचे सुटलेले भाग. त्यांतली अंडी पिसूची अळी खाते, अळीची पिसू होते, खाज सुटली म्हणून कुत्रं दातानं पिसू टिपतं आणि गिळतं, आणि पोटात पुन्हा जंत तयार. डिपायलिडियम नावाचा हा जंत कधीमधी लहान मुलांनाही होतो, तोही पिसू तोंडात गेल्यानंच. तेव्हा जंताची गोळी दिली आणि पिसा तशाच ठेवल्या, तर महिन्याभरात तांदूळ पुन्हा दिसतील. मग गोळीच्या नावानं बोटं मोडायची.

गोल जंताचा रस्ता निराळा. कुत्रीच्या शरीरात दडून बसलेल्या त्याच्या अळ्या गाभणपणात जाग्या होतात आणि आईच्या पोटातच पिल्लात शिरतात. उरलेल्या दुधातून जातात. म्हणजे पिल्लू जन्मतःच जंत घेऊन येतं. पोट नगाऱ्यागत फुगलेलं, केस राठ, बरगड्या वर आलेल्या, अशी पिल्लं पाहून लोक म्हणतात, दूध बाधलं. इथं मी झाडपाल्याला नाही म्हणतो. पिल्लू दोन आठवड्यांचं झालं की पशुवैद्यकाला विचारून वजनाप्रमाणे पायरँटेल किंवा फेनबेन्डाझोल सुरू करावं, दर दोन आठवड्यांनी द्यावं आणि दूध तुटेस्तोवर चालू ठेवावं. आईलाही त्याच वेळी. हिरड्या पांढऱ्या पडल्या, विष्ठा डांबरासारखी काळी झाली, तर तो आतड्याला चावे घेणारा अंकुशकृमी. तो पिल्लाला चार दिवसांत संपवू शकतो. तिथं वावडिंग उगाळत बसू नये.

वावडिंग, पळसपापडी, किरमाणी ओवा, भोपळ्याच्या बिया, ही नावं मी टाकाऊ म्हणत नाही. वावडिंगात एम्बेलिन आहे, पळसाच्या बीत पलासोनिन, किरमाणी ओव्यातलं सँटोनिन तर एके काळी जगभर माणसांच्या जंतांवर देत असत. पण त्यांचं माप सांभाळणं अवघड. एका झाडाचं बी तेज, दुसऱ्याचं मवाळ, आणि जंताला मारणारा डोस व कुत्र्याला बाधणारा डोस यांत अंतर थोडं. सुपारीचंच घ्या. सुपारीतल्या अरेकोलीनवर न्यूझीलंडनं कित्येक वर्षं कुत्र्यांचे चपटे जंत पाडले. जंत लुळा पडायचा आणि कुत्र्याला असा जुलाब व्हायचा की सगळं बाहेर. काही कुत्री ओकायची, काही गळून जायची. १९७०च्या दशकात प्राझिक्वांटेल आलं आणि सुपारी मागं पडली, कारण नवी गोळी जंताला जास्त आणि कुत्र्याला कमी बाधते.

शिवाय दुकानातलं ते सगळं कारखान्यातलं आणि बांधावरचं तेवढं निसर्गाचं, अशी विभागणी मला पटत नाही. आयव्हरमेक्टिनचं मूळ जपानमधल्या मातीतला एक जिवाणू. सातोशी ओमुरा यांनी तो वेगळा केला, आणि विल्यम कॅम्पबेल यांच्याबरोबर त्यांना २०१५चं नोबेल मिळालं. तुरीवरच्या अळीसाठी आपण फवारतो ते स्पिनोसॅड कॅरिबियन बेटांतल्या एका जुन्या दारूभट्टीच्या मातीत सापडलेल्या जिवाणूपासून येतं, आणि त्याची कुत्र्यांसाठी पिसवांवरची गोळीही निघाली. याचा अर्थ शेतातली बाटली कुत्र्याला पाजायची असा कुणी काढू नये. गाई-म्हशींचं आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन अंदाजानं कुत्र्याला टोचायची खोड खेड्यांत आहे. कोली जातीच्या आणि तिच्या संकराच्या कुत्र्यांत ते मेंदूत उतरतं आणि कुत्रं हातचं जातं.

खरा नैसर्गिक बंदोबस्त मला दिसतो तो आणखी दोन जागी. एक म्हणजे विष्ठा उचलणं. हे बोललं की लोक तोंड फिरवतात. पण गोल जंताचं अंडं ताजं असताना बाधत नाही, मातीत दोन-तीन आठवडे पिकल्यावर बाधतं. अंकुशकृमीच्या अळीलाही तयार व्हायला थोडे दिवस लागतात. रोज सकाळी खुरप्यानं उचलून खोल पुरलं, तर या दोघांचा फेरा तिथंच तुटतो, एक पैसा न घालता. अंगणातली माती तोंडात घालणाऱ्या रांगत्या मुलाला यापेक्षा मोठं संरक्षण नाही. गोल जंताची अळी मुलाच्या डोळ्यात जाऊन नजर घालवू शकते. काळ्या रानात मे महिन्यात अळ्या वाळून जातात, पण ठिबकच्या नळ्यांखाली, मोसंबीच्या सावलीत माती बारमाही ओली असते आणि कुत्रं दुपारभर तिथंच पसरतं. बागेतल्या कुत्र्यांत अंकुशकृमी उन्हाळ्यातही सापडतो तो यामुळंच, असा माझा अंदाज आहे.

दुसरी जागा म्हणजे कंदुरी. नवस फेडायचा, बोकड कापायचा, लिंबाखाली चुली मांडायच्या, सगळ्या भावकीला जेवू घालायचं. कंदुरीला माझा विरोध नाही, मटणाची वाटी मीही सोडत नाही. माझं लक्ष असतं ते कापणारा मागं काय फेकतो त्याकडे. एका कंदुरीत बोकडाचं काळीज हातात घेतलं तर त्यावर पांढरट, ताणलेली, बोराएवढी फुगवटी. सुरीचं टोक लावलं आणि नितळ पाणी उडालं. आत पातळ पांढरी पिशवी, तिच्या तळाशी रेतीसारखे बारीक कण. कापणारा म्हणाला, "पाण्याचं काळीज हाये, हे कुणी खात नाही," आणि त्यानं ते कुत्र्यांकडे भिरकावलं. त्या रेतीतला कण न् कण दुसऱ्या एका चपट्या जंताचं डोकं होतं. सहा-सात आठवड्यांत त्या कुत्र्याच्या विष्ठेतून अंडी पडायला लागतात. हा जंत इतका लहान, काही मिलिमीटरचा, की तांदूळ दिसत नाहीत, काहीच दिसत नाही. अंडी गवतावर पडतात आणि शेळ्या-मेंढ्या ती खातात. कुत्र्याच्या अंगाला लागतात आणि आपल्या हाताला येतात. माणसाच्या काळजात, फुप्फुसात तीच पाण्याची पिशवी वर्षानुवर्षं वाढत राहते आणि शेवटी ऑपरेशन करून काढावी लागते. ही अंडी ताजीही बाधतात, म्हणून विष्ठा उचलणाऱ्यानं हात साबणानं धुवावेत, हेही इथंच सांगतो.

असं काळीज कुत्र्याला मेलेल्या जनावरातूनही मिळतं. पूर्वी मेलेलं जनावर गावाबाहेर टाकलं की गिधाडं थोड्या वेळात हाडं उघडी करत, कुत्र्याच्या वाट्याला फारसं येत नसे. १९९०च्या दशकात गिधाडं नाहीशी होत गेली. जनावरांना तेव्हा देत असत ते डायक्लोफिनॅक त्याला कारणीभूत ठरलं आणि २००६ साली त्यावर बंदी आली, पण तोवर मेलेली ढोरं टाकायची जागा कुत्र्यांनी ताब्यात घेतली होती. २०१२-१३च्या दुष्काळात जालन्यात जनावरांचे काय हाल झाले ते इथल्या माणसाला सांगायला नको. त्या वर्षी कुत्री तेवढी धष्टपुष्ट होती.

आइसलँड नावाचा थंड देश आहे, मेंढ्यांचा आणि कुत्र्यांचा. दीडशे वर्षांपूर्वी तिथं या पाण्याच्या पिशव्यांनी माणसं हैराण होती. हाराल्ड क्राब्बे नावाचा डॅनिश पशुवैद्य १८६३ साली तिथं गेला, मेलेली कुत्री फाडून पाहिली आणि पुढच्याच वर्षी एक लहान पुस्तिका निघाली. ती घरोघर फुकट वाटली. सांगणं एवढंच: कापलेल्या मेंढीचे खराब अवयव कुत्र्याला घालू नका, जाळा किंवा पुरा. कायदे नंतर आले. आजची गोळी तर त्यानंतर शंभर वर्षांनी निघाली. गोळी यायच्या आधीच तिथल्या नव्या पिढीतून तो रोग जवळजवळ हद्दपार झाला होता. नैसर्गिक उपाय म्हणून कुणी मला एकच उदाहरण मागितलं तर मी हे देतो. आमच्याकडे ते अर्धं तरी जमावं: काळीज-फोफसं कुत्र्याला घालायचंच तर अर्धा-पाऊण तास रटरट शिजवून घालावं, आणि मेंढपाळाच्या किंवा कंदुरीवर जगणाऱ्या कुत्र्याला दीड महिन्याला प्राझिक्वांटेल द्यावं.

आमच्या गावच्या जत्रेत खराब अवयव पुरायचं मी बोललो तेव्हा म्हातारी मंडळी म्हणाली, "खड्डा खणायचा कुणी?" शेवटी तरुण पोरांनी गुडघाभर खणला. त्यात सगळं टाकलं, वर माती लोटली आणि रातोरात कुत्र्यांनी तो उकरून पार मोकळा केला. पुढच्या जत्रेला नाल्याच्या कामावर आलेला जेसीबी सापडला. त्याच्याकडून पुरुषभर खोल खणून घेतला, वर चुना, मग माती, मग बाभळीच्या काट्या. तो काही उकरला गेला नाही. जेसीबीच्या डिझेलचे पैसे जत्रा कमिटीनं द्यायचे की ज्यांनी बोकडं कापली त्यांनी, यावर मात्र पारावर अजून एकमत झालेलं नाही.